फायटेज घालूनही मासा वाढत नाही आणि तळे हिरवे होते: चूक नेमकी कुठे शोधावी

शीळ-दायघरपासून तळोज्यापर्यंतच्या पट्ट्यात तळी धरणाऱ्यांसाठी खाद्याची सूत्रे बसवून देणे हे माझे काम आहे, आणि दर पावसाळ्यात एकच तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत माझ्याकडे येते. फिशमील (सुक्या माशांची पूड) परवडत नाही म्हणून सोया पेंड आणि तांदळाचा कोंडा वाढवला, कोणीतरी सांगितले म्हणून त्यात फायटेज या एन्झाइमची भुकटीही घातली, तरीही मासा दीडशे-दोनशे ग्रॅमवर अडतो, खाद्य संपते पण वजन भरत नाही, काही माशांच्या कल्ल्यांवरची झाकणे आखूड दिसतात, पाण्यात पांढरट लांब विष्ठेचे धागे तरंगतात आणि तळ्याचे पाणी वाटाण्याच्या सालीसारखे हिरवे होते. अशा वेळी बहुतेकजण भुकटीचे प्रमाण दुप्पट करतात किंवा दुसऱ्या कंपनीचे पाकीट आणतात. माझ्या अनुभवात या दोन्ही उपायांनी क्वचितच काही साधते, कारण दोष बहुतेक वेळा भुकटीत नसतो. पाकिटापासून माशाच्या आतड्यापर्यंतच्या वाटेत ती कुठेतरी निकामी होते, किंवा तिला करण्यासारखे काम आपण तिच्यासमोर ठेवलेलेच नसते. म्हणून ही वाट पायरीपायरीने तपासावी लागते.

त्याआधी एक साधी गोष्ट बाजूला काढावी. पहाटे पाच-सहाच्या सुमारास तळ्यावर जाऊन विरघळलेला ऑक्सिजन मोजावा. तो लिटरला 3 मिलिग्रॅमच्या खाली जात असेल, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील, तर आधी पाणी बदलणे, दाटी कमी करणे आणि हवा देणे या गोष्टी कराव्यात. अशा तळ्यात कोणत्याही खाद्याचा हिशेब लागत नाही.

आता फायटेज काय करते ते पाहू. वनस्पतींच्या बियांमधील फॉस्फरसचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक, फायटेट या रूपात बांधलेला असतो. हे फायटेट फोडणारे एन्झाइम माशाच्या आतड्यात जवळजवळ नसतेच, त्यामुळे तो फॉस्फरस खाद्यातून आत जातो आणि विष्ठेतून जसाच्या तसा तळ्यात उतरतो. शिवाय फायटेट जस्त, लोह, कॅल्शियम आणि प्रथिने यांनाही धरून ठेवते. म्हणजे मासा उपाशी राहतो आणि तळ्यात मागाहून शेवाळासाठी खत साचते. वरच्या तक्रारीतील दोन्ही लक्षणांचे मूळ एकच आहे. आपल्याकडे तळ्यांचे पाणी नाल्यांवाटे शेवटी खाडीत जाते, आणि ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेला आहे, याची आठवण मला प्रत्येक हिरव्या तळ्याच्या काठावर होते.

आकडे मांडून पाहिले की प्रश्नाचा आवाका कळतो. एका किलो खाद्यात 400 ग्रॅम सोया पेंड आणि 300 ग्रॅम तेल काढलेला तांदळाचा कोंडा आहे असे धरू. पेंडेत साधारण 0.65 टक्के आणि कोंड्यात 1.6 टक्के फॉस्फरस धरला, तर पेंडेतून 2.6 ग्रॅम आणि कोंड्यातून 4.8 ग्रॅम असा एकूण 7.4 ग्रॅम फॉस्फरस येतो. कागदावर हे भरपूर दिसते, कारण तिलापियाला किलोमागे 4 ते 5 ग्रॅम उपलब्ध फॉस्फरस पुरतो. परंतु पेंडेतील साधारण 60 टक्के आणि कोंड्यातील 80 टक्के फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो, म्हणजे सुमारे 5.4 ग्रॅम बांधलेला आणि जेमतेम 2 ग्रॅम मोकळा. फायटेजने बांधलेल्यापैकी निम्मा सोडवला तरी माशाची गरज जवळपास भागते. हा हिशेब स्वतःच्या सूत्रासाठी एकदा वहीत करून ठेवावा. आपल्याला किती तूट भरून काढायची आहे हे ठाऊक नसेल तर भुकटीने काम केले की नाही हे कधीच कळणार नाही.

प्रमाणातील घोटाळाही इथेच मिटवून घ्यावा. फायटेजची ताकद एफटीयू या एककात मोजतात: 37 अंश सेल्सिअस आणि पीएच 5.5 असताना मिनिटाला 1 मायक्रोमोल फॉस्फेट मोकळे करणारी मात्रा म्हणजे एक एकक. बाजारात ग्रॅमला 2500, 5000 आणि 10000 एकके अशा वेगवेगळ्या ताकदीच्या भुकट्या मिळतात, आणि शेजाऱ्याने सांगितलेले 'टनाला 100 ग्रॅम' हे प्रमाण ताकद न पाहता उचलले जाते. 5000 एककांची भुकटी टनाला 100 ग्रॅम घातली, तर किलोला 500 एकके पडतात. 2500 ची घातली, तर निम्मीच. शिवाय 100 ग्रॅम भुकटी एक टन खाद्यात थेट टाकली तर ती सारखी मिसळत नाही. आधी 1 किलो बारीक कोंड्यात, मग 10 किलोत आणि नंतर संपूर्ण मिश्रणात, अशी चढत्या क्रमाने मिसळावी.

यानंतर येते उष्णता, आणि सर्वाधिक वेळा चूक इथेच सापडते. शीळ भागातील एका काकांची दोन तळी आहेत आणि शेडमध्ये वाफेवर चालणारे छोटे गोळी-यंत्र आहे. त्यांनी मला बोलावले तेव्हा पहिला प्रश्न होता, "ताई, पुडी दुप्पट केली, आता अजून किती टाकू?" यंत्राच्या वाफेच्या टाकीवरचा काटा 78 अंश दाखवत होता आणि त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मी घरून आणलेला रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास यंत्राच्या तोंडाशी धरला, गोळ्यांनी काठोकाठ भरला, मध्ये थर्मामीटर खोचून वर फडके गुंडाळले. दोन-तीन मिनिटांत पारा 91 वर जाऊन थांबला. साच्याच्या छिद्रांतून मिश्रण दाबले जाताना घर्षणाने जी उष्णता तयार होते, ती वाफेच्या काट्यावर दिसत नाही. गोळी हाताला नुसती गरम लागते आणि हात लगेच मागे येतो, त्यामुळे खरा आकडा कोणी पाहतच नाही. साधे, आवरण नसलेले फायटेज 70-80 अंशांच्या पुढे वेगाने निकामी होते, आणि ओल्या वाफेत तर अधिकच वेगाने. आम्ही पाकिटातील भुकटी आणि तयार गोळी, दोन्हींचे नमुने तपासून घेतले. भुकटीची ताकद पाकिटावर छापल्याइतकीच निघाली. गोळीत मात्र घातलेल्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी उरले होते. काका दुप्पट पुडी घालत होते ती यंत्राच्या साच्यात जळत होती.

तरंगते खाद्य बनवणाऱ्या एक्सट्रूडरमध्ये तापमान 100 ते 140 अंशांपर्यंत जाते, तिथे साधी भुकटी आत घालण्यात काही अर्थ नाही. उष्णता सोसणारी, आवरण दिलेली फायटेजे मिळतात आणि गोळी-यंत्रासाठी ती उपयोगी ठरतात, परंतु तीसुद्धा थर्मासमधील तापमान मोजून आणि गोळीचा नमुना तपासूनच वापरावीत.

लहान यंत्र असणाऱ्याला माझा सल्ला सरळ आहे: एन्झाइम गोळी तयार झाल्यावर, ती गार करून, बाहेरून द्यावे. गोळ्या 40 अंशांखाली येऊ द्याव्यात. 50 किलो गोळ्यांसाठी अर्धा लिटर स्वच्छ, गार पाण्यात मोजलेले फायटेज पूर्ण विरघळवावे, कडुनिंब फवारायचा नव्हे तर फक्त याच कामासाठी ठेवलेला फवारा घ्यावा, गोळ्या ताडपत्रीवर किंवा फिरत्या पिंपात हलवत बारीक तुषार द्यावेत, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे आणि मग त्यावर अर्धा ते एक लिटर माशाचे किंवा वनस्पती तेल सारखे चोळावे. हे तेलाचे आवरण अनेकजण वगळतात आणि तिथेच दुसऱ्यांदा फसतात, कारण तेल नसेल तर एन्झाइम गोळी पाण्यात पडताच सुटू लागते. अशा खाद्यात ओल थोडी वाढते, म्हणून आठवडा-दहा दिवसांत संपेल इतकेच तयार करावे.

कोळंबीच्या बाबतीत ही गळती अधिक नडते. मासा गोळी गिळतो. कोळंबी ती पायांत धरून कुरतडत बसते आणि खाद्य तासभरही पाण्यात पडून राहते. त्यामुळे खाजणातील कोळंबीसाठी फवारणीवर माझा फारसा भर नसतो. तिथे उष्णता सोसणारे एन्झाइम गोळीच्या आत आणि चांगला बाइंडर (गोळी पाण्यात घट्ट धरून ठेवणारा पदार्थ), हाच मार्ग बरा पडतो. काचेच्या पेल्यात तळ्याचेच पाणी घेऊन त्यात दहा गोळ्या टाकाव्यात आणि तासाभराने बोटाने उचलून पाहाव्यात. गोळी बोटात विरघळत असेल तर एन्झाइमचा विचार नंतर, आधी गोळी सुधारावी.

आता एन्झाइम जिवंत राहून पोटात पोहोचले असे समजू. पुढचा प्रश्न असा, की ते पोट कोणाचे? बाजारातील बहुतेक फायटेजे आम्लधर्मी वातावरणात, साधारण पीएच 2.5 ते 5.5 च्या दरम्यान, उत्तम काम करतात. तिलापिया आणि पंगस यांना खरे जठर असते, तिथे आम्ल पाझरते, त्यामुळे फायटेजला हवे ते वातावरण मिळते. रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) यांना जठरच नसते. खाद्य सरळ आतड्यात जाते आणि तिथले वातावरण उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असते. एकाच शेडमधील तेच खाद्य तिलापियाच्या तळ्यात फळते आणि रोहूच्या तळ्यात फळत नाही, याचे कारण बहुधा हेच. त्यात भर अशी, की माशाचे आतडे पाण्याइतकेच उबदार असते. पाकिटावरची ताकद 37 अंशांना मोजलेली असते. आपल्या तळ्याचे पाणी पावसाळ्यात 27-28 अंशांवर असते आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री त्याहून खाली जाते. म्हणून छापलेली ताकद पोटात पूर्ण मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

रोहू-कटल्यासाठी दोन उपाय आहेत. पहिला, खाद्यात थोडे सायट्रिक आम्ल घालून फायटेजला साथ देणे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या पिलांवर सायट्रिक आम्ल आणि फायटेज एकत्र देऊन प्रयोग झालेले आहेत आणि ही जोडी उपयोगी ठरल्याचे त्यांत दिसले आहे. दुसरा उपाय मला स्वतःला अधिक भरवशाचा वाटतो: फायटेजचे काम माशाच्या पोटाबाहेरच उरकून घेणे. सोया पेंड कोमट पाण्यात कालवून ओलसर लापशीसारखी करावी, सायट्रिक आम्लाने पीएच 5 ते 5.5 वर आणावा (पीएचची पट्टी पुरते, मोठ्या उपकरणाची गरज नाही), फायटेज घालावे आणि झाकून 40 ते 50 अंशांच्या उबेत सहा ते बारा तास ठेवावे. त्यानंतर ही पेंड बाकीच्या मिश्रणात घालून गोळी काढावी. काम आधीच झालेले असल्याने आता उष्णतेची भीती उरत नाही. मात्र पावसाळ्यात भिजवलेली पेंड त्याच दिवशी वापरली नाही तर बुरशी धरते, म्हणून एका घाण्याला लागेल तेवढीच भिजवावी.

यापुढची चूक सुशिक्षित तळेधारकांकडूनच अधिक होते. सूत्रात आधीपासून टनाला 20 किलो डीसीपी, म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, असते आणि त्यावर वरून फायटेज घातले जाते. डीसीपीमध्ये साधारण 18 टक्के फॉस्फरस असतो, म्हणजे किलो खाद्यामागे 3.6 ग्रॅम फॉस्फरस त्यातूनच येतो. तिलापियाची गरज तिथेच भागली, तर फायटेजने सोडवलेला फॉस्फरस माशाला नकोसा होतो आणि तोही पाण्यात जातो. मासा पूर्वीइतकाच वाढतो, पाणी पूर्वीइतकेच हिरवे राहते, आणि 'पावडर फुकट गेली' असा निष्कर्ष निघतो. फायटेज घालायचे तर डीसीपी कमी करायला हवे; तसे केले तरच खर्च वाचतो आणि पाणीही सुधारते. मी एकदम पूर्ण काढत नाही. प्रथम एक तृतीयांश कमी करून महिनाभर वाढ, विष्ठा आणि पाण्याचा रंग पाहते, मग पुढे जाते. जठर नसलेल्या माशांना डीसीपीही नीट पचत नाही. त्यांच्यासाठी मोनोकॅल्शियम फॉस्फेट बरेच चांगले, आणि ट्रायकॅल्शियम घेऊच नये.

डीसीपीच्या पोत्यात किंवा खनिज मिश्रणात चुनखडीची भेसळ असेल तर घोटाळा आणखी वाढतो. जास्तीचे कॅल्शियम फायटेटला घट्ट धरते आणि मग फायटेज त्याला फोडू शकत नाही. शिवाय चुनखडी जठरातील आम्लही मारते. चमचाभर मिश्रणावर लिंबू पिळून पाहावे. जोरात फसफसून वर आले तर त्यात चुनखडी किंवा शिंपल्याची पूड भरपूर आहे असे समजावे. खनिज मिश्रणात थोडी चुनखडी मुद्दाम घातलेली असते, पण डीसीपी म्हणून घेतलेल्या पोत्यातील माल असा फसफसला तर तो परत करावा.

काही तळ्यांवर फायटेजऐवजी 'मल्टी-एन्झाइम' घातलेले आढळते आणि त्यात नेमके काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. झायलानेज गव्हाच्या आणि तांदळाच्या कोंड्यातील तंतूंवर काम करते. सोया पेंडेत त्याला फारसे काम नसते, तिथल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांसाठी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज लागते. गवार कोर्मा (गवारीच्या बियांची पेंड) वापरत असाल तर मॅनानेज. पांढऱ्या लांब विष्ठेच्या धाग्यांमागे पुष्कळदा न पचलेले तंतू असतात, तेव्हा फायटेजची मात्रा वाढवून ते थांबणार नाहीत. कच्च्या सोया पेंडेवर तर कोणतेच एन्झाइम इलाज करत नाही. नीट न भाजलेल्या पेंडेतील ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये प्रथिनांचे पचनच अडवतात. ही पेंड ओळखायला प्रयोगशाळेतून युरिया आणि फिनॉल रेडचे तयार द्रावण आणावे, पांढऱ्या बशीत पेंड पसरून ती ओली होईपर्यंत वर ओतावे आणि पाच मिनिटे थांबावे. चांगल्या पेंडेत इकडेतिकडे मोजके लाल ठिपके उमटतात. बशीभर लाली पसरली तर पेंड कच्ची आहे. एकही ठिपका आला नाही तर ती बहुधा जास्त भाजली गेली आहे आणि तिच्यातील लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल घटले आहे. सरकी पेंडेतील गॉसिपॉल, शेंगदाणा पेंडेतील अफ्लाटॉक्सिन आणि सोयामधील मेथिओनिनची कमतरता, यांपैकी कशाचीही भरपाई एन्झाइम करत नाही.

साठवणीबद्दल थोडक्यात सांगते. ठाण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघडे पाकीट चार-सहा दिवसांत गुठळ्या धरू लागते, आणि गुठळी झालेली भुकटी ताकदीची राहिली आहे असे मी धरत नाही. पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, बॉयलरपासून दूर, जमिनीवर नव्हे तर लाकडी फळीवर ठेवावे. एन्झाइम कोलीन क्लोराइड (खाद्यात घालतात तो जीवनसत्त्वासारखा घटक) आणि सूक्ष्म खनिजांच्या मिश्रणात आधीच कालवून महिनोन्महिने ठेवू नये. कोलीन ओल ओढते आणि त्या ओलीत खनिजे एन्झाइमचा नाश करतात. काकांच्या शेडमध्ये पाकीट बॉयलरच्या शेजारी खिळ्याला टांगलेले होते, "हाताशी असावं म्हणून." ते आता ऑफिसच्या कपाटात असते.

बदल केल्यानंतर फरक पडला की नाही हे संपूर्ण तळ्यावरून ठरवू नये, कारण तळ्यात पाऊस, ढग आणि शेवाळ यांचा खेळ रोज चालू असतो. एकाच तळ्यात चार हापे (बारीक जाळीचे पिंजरे) लावावेत, प्रत्येकात सारख्या वजनाची तीस-तीस बोटुकली सोडावी, दोन हाप्यांना कमी डीसीपीचे खाद्य एन्झाइमसह आणि दोन हाप्यांना तेच खाद्य एन्झाइमशिवाय द्यावे, आणि सहा आठवडे दर पंधरा दिवसांनी वजन करावे. दोन्हीकडची वाढ सारखी निघाली, तर एन्झाइम वाटेत निकामी झाले आहे किंवा खाद्यात फॉस्फरस अजूनही गरजेपेक्षा जास्त आहे. यांपैकी कोणते खरे हे ठरवायला गोळीची तपासणी हवी. त्यासाठी पाकिटातील 100 ग्रॅम भुकटी आणि त्याच दिवशी काढलेली, फवारणी करून गार केलेली 500 ग्रॅम गोळी, वेगवेगळ्या घट्ट पिशव्यांत, वर तारीख, थर्मासमधील तापमान आणि घातलेले प्रमाण लिहून प्रयोगशाळेत पाठवावी. काकांनी सप्टेंबरमध्ये असे नमुने पाठवले तेव्हा फवारलेल्या गोळीत घातलेल्यापैकी बहुतेक ताकद शिल्लक निघाली, आणि डीसीपी टनाला 20 वरून 12 किलोवर आणूनही हाप्यांतील मासे अडले नाहीत. रोहूच्या दुसऱ्या तळ्यात मात्र फवारणीने फारसा फरक पडला नाही. तिथे येत्या घाण्यापासून पेंड भिजवून वापरायची आहे, आणि त्यासाठीची उबदार पेटी ते सध्या जुन्या फ्रिजच्या खोक्यापासून बनवत आहेत.